चंपतची हार

कारंज्याचा कबड्डीचा उपांत्य सामना हरून शुभांगी केनवडला परतली, तेव्हा तिच्या बापाने, चंपतने, तिला घरापर्यंतही येऊ दिलं नाही. रस्त्याला लागून असलेल्या वांग्याच्या वावरातच त्याने तिला अडवलं. हातात ठिबकची तुटकी नळी होती. तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवायच्या आधीच पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा पोटरीवर.

"घरी यायची लाज नाई वाटली? आं? तोंड घेऊन आली तशीच?"

शुभांगीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पाठीवरचे वळ टी-शर्टाखाली झाकले जातात, तोंडावरच्या वळाबद्दल सरावाला गेलं की मुली विचारतात. बाप थकेपर्यंत ती तशीच उभी राहिली. तेवीस वर्षांची पोरगी, अंगाने बापापेक्षा भरलेली. पण हात वर करायचं तिच्या मनातही आलं नाही. घरी गेल्यावर तुळसाबाईने हळद-तेल गरम करून लावलं आणि लावता लावता म्हणाली, "हारू नोको वं पोरी. माह्यानं पाहल्या नाई जात."

"हारणं माह्या हातात हाय का, आई?"

"मले काय समजते त्यातलं," तुळसाबाई म्हणाली. "तू फक्त हारू नोको."

चंपत एकेकाळी केनवडचा चढाईपटू होता. रिसोड-वाशीमकडचे जुने लोक अजून त्याच्या चढाया आठवतात आणि त्याहून जास्त त्याच्या मारामाऱ्या आठवतात. हरलेल्या सामन्यानंतर तो कधी सरळ घरी गेला नव्हता. कुणाचं नाक फोडून, कुणाच्या तंबूचा बांबू उपटून, पंचाच्या आईबहिणीचा उद्धार करूनच तो जायचा. गुडघा गेला आणि खेळ सुटला, तेव्हा त्याने पोरीला हाताशी धरलं. वावराच्या मोकळ्या पट्टीत ती उभी राहायची आणि तो धावत यायचा. त्याचा घोटा पकडून त्याला पाडायचं, एवढाच धडा. सुटला, तर त्याच पायाची लाथ तिच्या खांद्यात बसायची. आठ-दहा वर्षांत शुभांगी अशी कोपरारक्षक झाली, की तिच्या बाजूने चढाई करायला पोरी कचरायच्या.

जानेवारीत केनवडच्या मंडळाने स्पर्धा भरवली. मुलींचे आठ संघ आले. केनवडच्या पोरी घरच्या मैदानावर जिंकत जिंकत अंतिम सामन्यात पोचल्या. समोर अनसिंगचा संघ होता, आणि अनसिंगकडे सरिता होती.

सरिता पोलीस भरतीची तयारी करत होती. बाप इंद्रभान मजुरी करायचा, आणि पोरीचा धावायचा सराव चुकू नये म्हणून पहाटे तिच्या मागे सायकल घेऊन जायचा. ती उंच, काटक होती, आणि तिचे पाय इतके लांब की बचावातल्या पोरीला वाटायचं ही अजून दूर आहे, तोवर तिचा अंगठा मांडीला लागून गेलेला असायचा.

दुपारी उन्हातच सामना सुरू झाला. फक्कीच्या रेषा ताज्या मारल्या होत्या. पंच हरिसिंग होते, जवळच्याच तांड्यावरचे निवृत्त शिक्षक. गावोगावच्या स्पर्धांना तेच पंच असायचे, कारण त्यांच्या निर्णयावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. चंपत खुर्चीवर बसलाच नाही. तो रेषेला धरून इकडून तिकडे फिरत होता आणि ओरडत होता.

"शुभे, पाय तोड तिचा! वापस गेली नाई पायजे ते पोट्टी!"

सामना खेळापेक्षा मारामारीच जास्त वाटत होता. पहिल्याच पकडीत शुभांगीच्या डोक्याने सरिताचा ओठ फुटला. पुढच्या चढाईत सरिताने सुटताना असा झटका दिला, की शुभांगीच्या हाताच्या अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं. केनवडची एक पोरगी खांदा धरून बाहेर गेली, अनसिंगच्या एकीचा गुडघा सोलून निघाला. तरी शुभांगी आणि सरिता एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. पकड झाली, की शुभांगी हात सोडायची. सरिता उठायची, तोंडातलं रक्त मातीत थुंकायची आणि बाहेर जाऊन बसायची. संघाला गुण मिळाला, की पुन्हा हजर.

शेवटची चढाई आली तेव्हा केनवड एका गुणाने पुढे होतं. सरिता पकडली गेली तर सामना केनवडचा. ती सुटून गेली, तर तिला शिवलेल्या सगळ्या बाद, आणि सामना अनसिंगचा.

सरिता आली. उजवीकडे वळल्याचं भासवून ती एकदम डाव्या कोपऱ्यात घुसली, तिथे शुभांगीच होती. शुभांगीने खाली झेप घेतली आणि घोटा पकडला. मागून दोघीजणी सरिताच्या कमरेवर पडल्या. अख्खं गाव उभं राहिलं. चौघी मातीत एकमेकींवर पडलेल्या, आणि तो एकच ढीग इंचाइंचाने मधल्या रेषेकडे सरकत होता. शुभांगीच्या तोंडात माती गेली होती. तिच्या हातातला घोटा दोरीसारखा ताणला होता. सरिताने तोंड वर केलं, हात पुढे फेकला आणि तिची दोन बोटं रेषेपलीकडे टेकली.

शुभांगीने ते पाहिलं. तिचं डोकं जमिनीला लागलेलं होतं, ती बोटं तिच्या डोळ्यासमोरच टेकली.

हरिसिंगनी शिट्टी वाजवली आणि हात अनसिंगच्या बाजूला केला.

अनसिंगच्या पोरी मैदानात धावल्या. सरिता उठली. तिचं नाक, ओठ, कपाळ, सगळं रक्तामातीने माखलं होतं. तासभर ज्या माणसाने तिचा पाय तोडायला सांगितलं होतं, तो रेषेवर समोरच उभा होता. ती सरळ त्याच्यापुढे गेली, मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, "काका, पोरीले अगुदर धरनं शिकवा!"

लोक हसले. अनसिंगचे तर हसलेच, पण केनवडचेही हसले. चंपतवर हसायची संधी गावाला वर्षानुवर्षं मिळाली नव्हती.

चंपतने गुण लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी ठेवलेली लोखंडी घडीची खुर्ची उचलली आणि हरिसिंगच्या डोक्यावर घातली.

हरिसिंगनी मान वळवली म्हणून डोकं वाचलं. खुर्चीची कड कानावर बसली आणि कानाची पाळी वरून खालपर्यंत फाटली. म्हातारा गुडघ्यांवर खाली बसला. रक्त मानेवरून पांढऱ्या सदऱ्यात उतरलं. पोरांनी दोन्हीकडून मैदानात उड्या घेतल्या. कुणी बांबू काढले, कुणी दगड. अनसिंगच्या एका पोराच्या तोंडावर वीट बसली आणि तो मधल्या रेषेवर आडवा पडला.

त्या सगळ्यात चंपत शुभांगीकडे आला. त्याने तिची जर्सी गळ्याशी धरून तिला उठवलं.

"सांग सगळ्याइले! बोटं टेकली नाई म्हनून सांग!"

"टेकली, बाबा."

"पुन्हा सांग!"

"मी पाह्यलं. टेकली."

त्याने मुठीने तिच्या तोंडावर मारलं. हे घर नव्हतं, वावर नव्हतं. मंडळाच्या मांडवातल्या बायका पाहत होत्या, तिच्याबरोबर खेळणाऱ्या पोरी पाहत होत्या. दुसरी मूठ उगारली तेव्हा मध्ये सरिता घुसली. तिने दोन्ही हातांनी चंपतला ढकललं.

"पोरीले कायले मारता? मले मारा नं! बोलली तं मी!"

चंपतने सरिताची वेणी मुठीत धरली, तिला खाली खेचलं आणि तिच्या बरगडीत लाथ घातली. मग अजून एक. सरिता अंगाचं मुटकुळं करून पडली होती, तिच्या तोंडातून श्वासाचा नुसता घरघर आवाज येत होता. चंपतने तिसऱ्यांदा पाय उचलला.

शुभांगी खाली वाकली. तिने काही ठरवलं नव्हतं. तिला फक्त पाय दिसला, जमिनीवर टेकलेला, सगळा भार घेतलेला. तिने तो घोट्याशी दोन्ही हातांनी धरला, खांदा त्याच्या गुडघ्यामागे लावला आणि वर उचलला. चंपत उताणा व्हायच्या ऐवजी कुशीवर पडला, पूर्ण भार उजव्या दंडावर. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. मग बापाची किंकाळी.

ती पाय सोडून मागे सरली.

मारामारी त्याच्यानेही थांबली नाही. पोलिसांची गाडी आल्यावरच पोरं पांगली. तोवर सहा-सात जणांची डोकी फुटली होती आणि मांडव जमिनीवर आला होता. हरिसिंगनी कानाला टॉवेल दाबून धरला होता. दवाखान्यात न्यायला आलेल्या माणसाला त्यांनी थांबवलं आणि दुसऱ्या हाताने माईक घेतला. "विजयी संघ अनसिंग," एवढंच म्हणून त्यांनी माईक खाली ठेवला. ऐकायला मैदानात फारसं कुणी उरलं नव्हतं.

चंपतच्या दंडाला प्लास्टर चढलं. दवाखान्यातच पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा त्याने सांगितलं की अनसिंगच्या सरिताने मागून येऊन त्याला पाडलं. मंडळाच्या चार पोरांनी त्याला दुजोरा दिला. पोरीने पाडलं हे सांगण्यापेक्षा परगावच्या पोरीने पाडलं हे त्याला सोपं गेलं.

तुळसाबाईने घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा शुभांगी चुलीपाशी बसून कोमट पाण्याने दातांतलं रक्त धूत होती. एक दात हलत होता.

"तिची भरती हाय, आई," ती म्हणाली. "केस झाली तं तिले कोन घेईन पोलिसात?"

"तुह्या बाबानं सांगून टाकलं आता."

"बाबानं खोटं सांगतलं."

"मले मालूम हाय," तुळसाबाई म्हणाली. "म्या पाह्यलं नं. मांडवातच होती मी."

शुभांगीने पायात चप्पल घातली, तेव्हा तुळसाबाईने तिला अडवलं नाही. कोनाड्यातून आपला स्कार्फ काढून दिला, सुजलेलं तोंड झाकायला. शुभांगीने तो बांधला नाही.

ठाण्यात जमादाराने तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग पेन टेबलावर ठेवलं.

"बापाविरुद्ध जबाब देऊन राह्यली तू. समजते नं?"

"बापाविरुद्ध नाई, साहेब. मी पाडलं, ते सांगून राह्यली. त्या पोरीनं त्यायले फक्त ढकललं, मी मार खाऊन राह्यली होती म्हनून."

"काहून पाडलं?"

"ते तिच्या बरगड्या मोडून राह्यले होते."

"आन् पंचाले?"

"बाबानंच मारलं. खुर्चीनं."

जमादाराने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग पेन उचललं.

बाहेर बाकावर, जबाबासाठी बोलावलेली सरिता बसली होती. छातीला पट्टा आवळलेला, श्वास अर्धाच घेत होती. शेजारी इंद्रभान उभा होता. शुभांगी बाहेर येताच तो बाजूला झाला आणि पोरींना बसायला जागा करून दिली.

"तुह्या बाबाले मी तसं बोलाले नोयतं पायजे," सरिता म्हणाली. "जिंकली तं जिंकली. तोंड आवरता आलं असतं मले."

"तू बोलली नसती तरी त्यायनं मारलंच असतं."

"मारलं असतं. पन मी बोलली, ते माह्यं. मले मनातून लय बरं वाटलं होतं तवा, लोक हासले म्हनून." तिने बरगडीवर हात दाबला. "तू आत काय सांगतलं?"

"मी पाडलं म्हनून."

सरिताने तिच्याकडे नीट पाहिलं. "आता घरी जाशीन?"

"जाईन. कुठं जाऊ मंग?"

"आमच्या घरी चाल. आई हाय, जागा हाय."

"नाई," शुभांगी म्हणाली. "मी पळाली तं त्यायले वाटीन मी चूक केली." मग थांबून म्हणाली, "चढाई मात्र भारी होती तुही. तिघीइचं ओझं घेऊन गेली."

"घोटा तू सोडलाच नाई. मले वाटलं पाय तिथंच राह्यते आज."

सामना संपला की दोन्ही संघ हात मिळवतात. ते त्या दिवशी राहूनच गेलं होतं. सरिताने हात पुढे केला. शुभांगीने उचकटलेल्या नखाचा अंगठा सांभाळत तो धरला.

चंपत दवाखान्यातून घरी आला, तोवर त्याला सगळं कळलं होतं. तो दारातून आत आला, तो शुभांगीवरच धावून. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डावा वर उचललेला.

"ठाण्यात जाऊन बापाची अब्रू—"

शुभांगी जागची हलली नाही. या वेळी तिने तोंडही झाकलं नाही. तिने पाय थोडे फाकवले आणि गुडघ्यात किंचित वाकून उभी राहिली. तो उभा राहण्याचा ढंग चंपतनेच शिकवलेला होता.

"बाबा, हात खाली घ्या," ती म्हणाली. "आता मारलं तं मी पुन्हा पाडीन. दुसरा हात बी जाईन तुमचा."

तिच्या आवाजात राग नव्हता. चंपतला कदाचित तेच जास्त लागलं. त्याचा हात हवेत राहिला.

"निंघ घरातून," तो म्हणाला. "आत्ता निंघ."

"ते निंघाली तं मी बी निंघते," तुळसाबाई मागून बोलली. ती सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती आणि मान वर न करता जुड्या बांधतच राहिली. "वांगे तुमी तोडा एका हातानं. सांभार बी तुमीच बांधजा. बाजारात बी तुमीच जाजा."

चंपतने बायकोकडे पाहिलं. चोवीस-पंचवीस वर्षांत ती त्याला अशी बोलली नव्हती. तो बाहेर जाऊन बाजेवर बसला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिला. कुणी त्याला जेवायला बोलावलं नाही. मग स्वतःच आत आला आणि डाव्या हाताने, भात सांडत सांडत जेवला.

पुढचे काही दिवस घरात फक्त कामाचं बोलणं झालं. सरितावरची तक्रार टिकली नाही. मंडळाच्या पोरांनीही जबाब फिरवले. हरिसिंगची तक्रार मात्र चंपतवर होती, आणि ती उभीच होती. गावात तो पानठेल्यावर गेला की लोक बोलणं थांबवायचे. पोरीने पाडलं, हे आता अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

एका सकाळी शुभांगी वांगी तोडत होती. चंपत वाफ्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

"किती बोटं टेकली होती?" त्याने एकदम विचारलं.

"दोन."

"साफ?"

"साफ."

"मंग तू कमरेले जायचं होतं. घोट्याले लटकून काय होते?"

"पकड बरोबर होती, बाबा. ते जास्त चांगली खेळली."

चंपतने पायाने ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "गाडी काढ. तांड्यावर जाऊ."

तिने मोटरसायकल काढली. तो मागे बसला, चांगला हात सीटच्या कडीला धरून.

हरिसिंग अंगणात बाजेवर बसले होते. कानावर जाड पट्टी. चंपत फाटकाशीच थांबला. शुभांगी गाडीपाशी उभी राहिली.

"बस," हरिसिंग म्हणाले.

चंपत बसला नाही. "पोरगी म्हनते बोटं टेकली होती."

"टेकली होती."

"मंग तुमचं बरोबर होतं," चंपत म्हणाला. शब्द दगडासारखे एकेक करून बाहेर आले. "माह्यं चुकलं."

घरातून चंदाबाई बाहेर आली, हरिसिंगची बायको. हातातलं ताट तिने पायरीवर आपटून ठेवलं.

"चुकलं म्हटलं नं का कान शिवल्या जाते? तीन रात्री हा मानूस बसून झोपला. या कानानं आता कमी आयकू येते त्याले. चुकलं म्हनून वापस येईन का ते?"

चंपत मान खाली घालून उभा राहिला. शुभांगीला वाटलं की आता तो भडकेल. तिचे पाय आपोआप ताठ झाले. पण तो तसाच उभा होता, उन्हात, गळ्यातला हात दुसऱ्या हाताने सावरत.

"चंपत," हरिसिंग म्हणाले, "तक्रार मी मागं घेनार नाई. पह्यलेच सांगतो. तू त्याच्यासाठी आला असशीन तं—"

"त्याच्यासाठी नाई आलो. नोका घेऊ मागं."

"कोर्टात जा लागीन. तारखा पडतीन."

"जाईन."

चंदाबाईने ताट उचललं आणि ती आत गेली. तिने दार लावून घेतलं नाही, पण पाणीही विचारलं नाही. चंपतने हरिसिंगना डाव्या हाताने नमस्कार केला आणि फाटकाबाहेर आला.

शुभांगीने गाडीला किक मारली. चंपत मागे बसला.